कागद बँकेत, माल बंदरात

निर्यात खुली करा, ही मागणी कोरडवाहू शेतकऱ्याने जितक्या वेळा केली तितकी दुसऱ्या कोणी केली नसेल. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात आपलाच कापूस शेजारच्या राज्यात नेणे हाही गुन्हा होता. १९७२ साली सुरू झालेली ती योजना इतिहासजमा झाली. पुढे दिल्लीने एप्रिल २०१० मध्ये आणि पुन्हा ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एका फटक्यात थांबवली, तेव्हा दाराची कडी कोणाच्या हाती आहे हेही सगळ्यांना कळून चुकले. तरीसुद्धा दार किलकिले आहे, आणि त्यातून आता व्यापाऱ्याच्या जोडीने शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्याही बाहेर डोकावू लागल्या आहेत. २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, तेव्हापासून ज्वारीचे पीठ आणि रवा आखातात पाठवण्याच्या गोष्टी बैठकांतून ऐकू येतात. कोणी गुळाची पावडर म्हणतो, कोणी बेदाणा, कोणी जिनिंगमधून थेट गाठी.

ही चांगली गोष्ट आहे. पण या चर्चांमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडते आणि ते ऐकले की आम्हाला धडकी भरते. ‘कागद बँकेतून पाठवले आहेत, आता पैशाची काय काळजी?’

काळजी आहे. बँकेतून कागद पाठवणे म्हणजे बँकेने पैशाची हमी घेणे नव्हे. बँक नेमके कशाला बांधील आहे आणि कशाला नाही, हे माल बंदरावर जाण्याआधी समजून घेतले नाही तर एका कंटेनरात उत्पादक कंपनीचे सगळे भागभांडवल बुडू शकते. भागभांडवल म्हणजे काय, तर पाचशे-हजार कोरडवाहू घरांनी पोटाला चिमटा काढून भरलेले पैसे. म्हणून कोल्हापूरच्या या बैठकीच्या अंकात आम्ही भावाचा विषय बाजूला ठेवून कागदाचा विषय घेतला आहे.

कोल्हापूर हे गाव या विषयाला शोभणारेच आहे. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाच्या बाजारासाठी. इथला गूळ रेल्वेने दूरदूर जाई आणि त्याची रेल्वे-पावती पेढीमार्फत किंवा बँकेमार्फत पुढे जाई. खरेदीदाराने पैसे भरायचे, पावती घ्यायची, ती दाखवून स्टेशनातून माल सोडवायचा. शेजारी इचलकरंजी आहे. तिथे १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या कापसाचे सूत तिथल्या मागांवर चढू लागले. माल एकीकडे, पैसा दुसरीकडे आणि मध्ये कागदाचा तुकडा, हा व्यवहार इथल्या बाजाराला नवा नाही. परदेशी व्यवहारात रेल्वे-पावतीच्या जागी जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग येते. पेढीच्या जागी दोन बँका येतात, एक आपली आणि एक तिकडची. बाकी गाभा तोच.

हा गाभा एकदा नीट पाहू. समजा, एका उत्पादक कंपनीने वीस टन गूळ पावडर दुबईच्या खरेदीदाराला विकली. पन्नास रुपये किलोने हिशेब धरला तर माल दहा लाखांचा. कंटेनर न्हावा-शेव्याला जातो, जहाजावर चढतो, आणि जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. साधारणपणे त्याच्या तीन अस्सल प्रती असतात आणि तिघींपैकी कोणतीही एक दाखवली की माल मिळतो. म्हणजे हा कागद हीच मालाची किल्ली. ही किल्ली, मालाचे बिल, विम्याचा कागद, मालाच्या उगमाचा दाखला आणि खरेदीदारावर काढलेली हुंडी असा सगळा गठ्ठा आपण आपल्या बँकेला देतो. आपली बँक तो दुबईच्या बँकेकडे पाठवते. दुबईची बँक खरेदीदाराला बोलावते. त्याने पैसे भरले की कागद त्याच्या हाती. याला बँकेच्या भाषेत कलेक्शन म्हणतात.

इथे कोणत्याही बँकेने स्वतःच्या खिशातून पैसे देण्याचे वचन दिलेले नाही. ते वचन ‘लेटर ऑफ क्रेडिट’ मध्ये असते. तिथे खरेदीदाराची बँक स्वतः बांधली जाते. म्हणून ते महाग असते आणि खरेदीदार ते टाळायला बघतो. कलेक्शनमध्ये बँक आपला निरोप्या आहे. पण निरोप्यालाही काही धर्म असतो, आणि तो लिहून ठेवलेला आहे.

पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने कलेक्शनचे समान नियम केले आहेत. सध्याचे नियम १ जानेवारी १९९६ पासून लागू झाले, त्यांचा प्रकाशन क्रमांक ५२२, आणि कलमे फक्त सव्वीस. हा कोणत्या सरकारचा कायदा नव्हे. बँका आपल्या सूचनापत्रात ‘हे कलेक्शन ५२२ च्या नियमांना धरून आहे’ असे लिहितात आणि मग ते नियम आपल्याला लागू होतात. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या त्या ओळीखाली आपला अध्यक्ष सही करतो. सातबाऱ्यावरचा बोजा वाचून घेणारा शेतकरी ही ओळ मात्र वाचत नाही.

त्या नियमांचा कणा असा आहे: बँकेने सद्भावनेने आणि वाजवी काळजीने वागायचे आणि सूचनापत्रात जे लिहिले असेल तेवढेच करायचे. आपल्या मनात काय होते, ईमेलवर खरेदीदाराशी काय ठरले होते, बिलावर कोपऱ्यात काय टीप होती, याच्याशी तिला कर्तव्य नाही. सूचना शोधण्यासाठी बँक कागद चाळत बसणार नाही, असे नियमात साफ म्हटले आहे. म्हणून ज्याने सूचनापत्र कोरे सोडले किंवा क्लिअरिंग एजंटाला ‘तूच भर’ म्हणून सांगितले, त्याने आपली किल्ली वाऱ्यावर सोडली.

सर्वांत मोठी सूचना म्हणजे कागद कशावर सोडायचे. आपल्याकडे दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी असा भेद पिढ्यान्‌पिढ्या आहे, तोच इथे आहे. डी.पी. म्हणजे पैसे भरा, कागद न्या. डी.ए. म्हणजे हुंडीवर सही करा, कागद न्या, पैसे साठ किंवा नव्वद दिवसांनी द्या. दुसऱ्या प्रकारात खरेदीदार एका सहीवर माल घेऊन जातो आणि आपल्या हाती राहते ती त्याची सही. आता नियम काय म्हणतो बघा. तिकडच्या बँकेने ती सही वरवर पूर्ण आणि बरोबर दिसते एवढे पाहायचे. सही खरी आहे का, सही करणाऱ्याला तसा अधिकार होता का, याला बँक जबाबदार नाही. अनोळखी खरेदीदाराला डी.ए. देणे म्हणजे जत्रेत भेटलेल्या माणसाला बैलजोडी उधार देणे. मुदती हुंडी आहे पण कागद कशावर सोडायचे ते लिहिलेच नाही, अशा वेळी बँकेने फक्त पैसे मिळाल्यावरच कागद सोडायचे, हा नियम आपल्या बाजूचा आहे. डी.पी. लिहिलेले असताना बँकेने पैसे न घेता कागद सोडले, तर मात्र ती पकडीत सापडते. तिथे कोणतेही बारीक अक्षर तिला सहजी वाचवणार नाही, आणि तिथे भांडायचे तर कंबर कसून भांडावे.

दुसरे बंधन मोजणीचे आहे. आपण यादीत लिहिलेले कागद वरवर पाहता तेच आणि तेवढेच आहेत का, हे बँकेने पाहायचे आणि एखादा कमी किंवा वेगळा असेल तर विनाविलंब कळवायचे. पण कागदावर वीस टन लिहिले आहे म्हणून कंटेनरात वीस टन आहेत का, प्रत तीच आहे का, विम्याचा कागद खरा आहे का, यात बँक पडत नाही. टपालात, कुरिअरमध्ये कागद गहाळ झाले किंवा उशीर झाला तरी ती हात वर करते आणि नियम तिला तसे करू देतो. अडत दुकानातला मापाडी निदान काट्यापाशी उभा असतो. बँक काट्यापाशी येतच नाही.

मालाच्या बाबतीत तर ती पूर्णच अलिप्त आहे. माल साठवणे, विमा उतरवणे याची कोणतीही जबाबदारी बँकेवर नाही, आणि तशी स्पष्ट सूचना दिली असली तरीही नाही. त्या त्या व्यवहारात तिने स्वतः मान्य केले तर आणि मान्य केले तेवढेच ती करील. हे वाचून राग येतो, पण ही गोष्ट नवी नाही. १९३१ सालचा इंग्लंडमधला एक खटला कापूसवाल्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनने बैरूतच्या गिऱ्हाइकाला सुती माल पाठवला. कागद बार्कलेज बँकेमार्फत गेले, आणि गिऱ्हाइकाने ते उचलले नाहीत तर मालाचा विमा उतरवावा अशी सूचना होती. बार्कलेजने तिकडचे काम अँग्लो-पॅलेस्टाईन कंपनीकडे सोपवले. गिऱ्हाइकाने माल सोडवला नाही, विमा कोणी उतरवला नाही, आणि माल आगीत जळाला. कंपनी कोर्टात गेली. कोर्टाने सांगितले की तिकडच्या मंडळींशी तुमचा करारच नव्हता, त्यांच्यावर तुमचा दावा चालत नाही. आणि बार्कलेज? तिने आपल्या फॉर्ममध्ये जबाबदारी झटकणारे कलम आधीच घालून ठेवले होते, त्याने ती सुटली. मँचेस्टरच्या बड्या कंपनीची ही गत, तर आपल्या तालुक्यातल्या उत्पादक कंपनीला कोण विचारतो? आजच्या नियमातही हेच आहे: आपली बँक दुसऱ्या बँकेचे साहाय्य घेते ते आपल्या खर्चाने आणि आपल्या जोखमीवर. दुसरी बँक आपल्या बँकेनेच निवडलेली असली तरी.

आम्हाला इथे जुनी हुंडी आठवते. शहाजोग हुंडीचे पैसे पतदार सावकारालाच दिले जात, आणि हुंडी बनावट निघाली तर पैसे उचलणाऱ्या त्या शहाला ते व्याजासकट परत करावे लागत. जोखमी हुंडीत तर माल सुखरूप पोचला तरच हुंडी वटायची; जोखीम कोणाची हे कागदाच्या नावातच होते. ज्या सावकारांना आपण आयुष्यभर शिव्या दिल्या त्यांच्या कागदात जबाबदारीचा हा भाग आजच्या बँकेच्या कागदापेक्षा अधिक स्पष्ट होता. (सावकारी परत आणा असे आम्ही म्हणत नाही. उगाच कोणी तसा बोभाटा करू नये.)

खरेदीदार कागद उचलत नाही असे केव्हा होते? बहुतेक वेळा भाव पडला की होते. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायद्यात रुई पौंडाला दोन डॉलरच्या वर गेली होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती एका डॉलरच्या खाली आली. चढ्या भावाने सौदे केलेल्या गिरण्यांनी देशोदेशी सौदे मोडले आणि लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनपुढे लवादांची रीघ लागली. माल खराब असल्याची तक्रार अशा वेळी अचानक सुचते. ‘दहा टक्के सूट द्या, उद्या कागद सोडवतो,’ असा निरोप येतो. इकडे बंदरातली मोफत मुदत संपलेली असते, डॅमरेज दिवसागणिक चढत असते, आणि खरेदीदाराला ते आपल्याइतकेच ठाऊक असते. बाजार समितीत माल उतरवून घेतल्यावर कटती लावणारा व्यापारी आणि हा, यांच्यात फरक फक्त समुद्राचा.

या वेळी बँकेचे एक काम सर्वांत मोलाचे ठरते, आणि नेमके तिथेच ढिलाई होते. तिकडच्या बँकेने पैसे मिळाले नाहीत हे विनाविलंब कळवले पाहिजे आणि का मिळाले नाहीत याचे कारण शोधण्याचा प्रयत्न केला पाहिजे. ही खबर आपल्या बँकेला मिळाली की पुढे काय करायचे ते तिने कळवायचे. खबर दिल्यापासून ६० दिवसांत सूचना आली नाही तर तिकडची बँक कागद परत पाठवू शकते आणि त्यानंतर तिची जबाबदारी संपते. तालुक्याच्या शाखेत परदेशी व्यवहार होत नाहीत. कागद तिथून कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या शाखेत जातात, आणि नकाराची खबर त्याच वाटेने उलट येते. एखाद्या साहेबाच्या टेबलावर ती आठ दिवस पडली तर ते आठ दिवस डॅमरेजचे आणि ६० दिवसांतलेही. बँकेचा यात एक पैसाही जात नाही. जातो तो आपला. विनाविलंब हा शब्द बँकांनी स्वतःच्या नियमात स्वतः लिहिला आहे. तो टेबलाटेबलावर पाळला जावा ही मागणी काही क्रांतिकारक नव्हे. वसूल झालेली रक्कम विनाविलंब पुढे द्यायची हेही त्याच नियमात आहे. डॉलर आले आणि खात्यावर जमा व्हायला आठवडा लागला, तर तेवढे दिवस आपला पैसा कोणाच्या कामी आला हे विचारायला काहीच हरकत नाही.

हे सगळे मनासारखे झाले तरी एक फट उरते. बिल ऑफ लेडिंग ही किल्ली आहे. सगळेच वाहतुकीचे कागद तसे नसतात. विमानाने गेलेल्या मालाचे एअर वे बिल ही किल्ली नव्हे. त्यावर ज्याचे नाव त्याला विमानतळावर माल मिळतो, कागद बँकेत पडून राहिले तरी. पेट्रापोलच्या नाक्यावरून ट्रकने बांगलादेशात गेलेल्या गाठींच्या ट्रक-पावतीचीही गत तीच. अशा वेळी डी.पी. लिहून उपयोग नाही, दाराला कुलूप आहे पण भिंतच नाही. काही जण यावर तोड म्हणून तिकडच्या बँकेच्या नावाने माल पाठवतात. बँकेची आधी संमती घेतलेली नसेल तर ती तो माल ताब्यात घ्यायला बांधील नाही, आणि जोखीम पाठवणाऱ्याचीच राहते. समुद्रमार्गेसुद्धा बिल ऑफ लेडिंग खरेदीदाराच्या नावाने सरळ काढू नये, ‘टू ऑर्डर’ काढावे. ‘जहाज लवकर पोचते, कागद उशिरा, तेव्हा अस्सल प्रती तिथेच जमा करा, मी लगेच माल सोडवतो’ असे खरेदीदाराने सुचवले, तर तो किल्ली फुकट मागतो आहे असे समजावे.

सूचनापत्रात आणखी काय लिहावे, ते थोडक्यात सांगतो. खरेदीदाराचा आणि त्याच्या बँकेचा पूर्ण पत्ता लिहावा आणि त्या नावाची बँक, त्या पत्त्यावर खरोखर आहे का, हे आपल्या बँकेमार्फत खात्री करून घ्यावे. पत्ता अपुरा किंवा चुकीचा असेल तर होणाऱ्या उशिराचे खापर बँकेवर फुटत नाही. तिकडच्या बँकेचे शुल्क कोणी द्यायचे आणि खरेदीदाराने नाकारले तर ते माफ करायचे का, हे लिहावे. न लिहिल्यास ते बहुधा आपल्याच पैशातून कापून येते. उशिराचे व्याज हवे असेल तर दर आणि दिवस लिहावेत. त्या बंदराच्या गावात आपला भरवशाचा कोणी माणूस असेल तर त्याचे नाव अडीअडचणीचा प्रतिनिधी म्हणून घालावे, आणि त्याला काय करण्याचा अधिकार आहे तेही लिहावे. अधिकार स्पष्ट नसेल तर बँक त्याचे काहीही ऐकणार नाही.

अनेक उत्पादक कंपन्या कागद नुसते कलेक्शनला टाकत नाहीत, त्यांवर बँकेकडून आधीच रक्कम उचलतात. त्याशिवाय गत्यंतर नसते, कारण सभासदाला मालाचे पैसे द्यायचे असतात. पण खरेदीदाराने पैसे बुडवले की बँक ती रक्कम व्याजासकट आपल्या खात्यातून वळती करते, आणि संचालकांनी वैयक्तिक हमी दिली असेल तर हात त्यांच्या घरापर्यंत पोचतो. वर परकीय चलनाच्या कायद्याने निर्यातीचा पैसा मुदतीत देशात आणण्याचे बंधन निर्यातदारावर आहेच. नऊ महिन्यांची ती मुदत २०२५ च्या नोव्हेंबरात पंधरा महिने झाली. माल गेला, पैसा आला नाही, आणि खुलासाही आपणच द्यायचा. म्हणून नव्या खरेदीदाराशी पहिला व्यवहार करताना काही रक्कम आगाऊ घ्यावी आणि निर्यात पतहमी निगम, म्हणजे ईसीजीसी, याचा विमा घेतल्याशिवाय कंटेनर हलवू नये. १९५७ पासून हे सरकारी निगम खरेदीदाराचे दिवाळे, थकवलेले पैसे, त्या देशात अडकलेले परकीय चलन अशा जोखमींचा विमा उतरवते. पिकाच्या विम्याचा आपला अनुभव काय आहे तो आम्हाला सांगायला नको. तेव्हा या पॉलिसीच्याही अटी आधी वाचाव्यात, विशेषतः थकबाकी किती दिवसांत कळवायची ती.

बँकांकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. निर्यात करणाऱ्या प्रत्येक उत्पादक कंपनीला सूचनापत्राचा फॉर्म मराठीत मिळावा. ५२२ चे नियम लागू होतात असे छापायचे तर त्या सव्वीस कलमांची मराठी प्रत सोबत द्यावी. नकाराची खबर शाखेत आली त्याच दिवशी कंपनीच्या अध्यक्षाच्या आणि सचिवाच्या फोनवर कळवावी आणि त्याची नोंद ठेवावी. ज्या बँका कर्जवसुलीची नोटीस मराठीत आणि वेळेवर पाठवू शकतात, त्यांना हे जड जाण्याचे कारण नाही. जिथे ढिलाई झाली तिथे आधी शाखेला लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तोंडी भांडणाला तिथे किंमत नाही.

बैठकीला येताना ज्यांची उत्पादक कंपनी आहे त्यांनी आपापल्या बँकेचा कलेक्शनचा कोरा फॉर्म सोबत आणावा. ज्यांचा एखादा व्यवहार झाला आहे त्यांनी त्या सूचनापत्राची झेरॉक्स आणावी. दुपारच्या सत्रात हे फॉर्म एकापुढे एक ठेवून वाचायचे आहेत. मराठी मसुदा आम्ही तयार केला आहे. त्यातला कागद कशावर सोडायचे हा रकाना आम्ही मुद्दाम सर्वांत वर, मोठ्या अक्षरात घेतला आहे.